उतारावर हात धरायचा नाही

चार मराठी माणसं डोंगरात गेली की परत येताना किस्से घेऊनच येतात. आमच्या डेन्व्हरच्या ग्रुपकडेही ढीग साठलाय. फक्त आमचे किस्से मी हसत सुरू करतो, पण हसत संपवता येत नाहीत.

ग्रुप छोटा. पुण्याचा मिलिंद, तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घातलेला. त्याची बायको वैशाली, नागपूरची. मी मिलिंदच्या ऑफिसातला, मुळात भित्रा. आणि शेजारच्यांची अनया, इथेच जन्मलेली, बर्फात लोकांना गाईड म्हणून नेणारी. ॲव्हलान्च, म्हणजे बर्फाचा अख्खा उतार घसरून अंगावर येणं, हा तिचा रोजचा विषय.

* * *

गेला हिवाळा विचित्रच उबदार होता. ऐन जानेवारीत मिलिंद टी-शर्टवर घरामागच्या डेकवर उभा राहून म्हणाला, "काय झकास हवा पडलीय! चला डोंगरात."

अनयाचा चेहरा पडला. "काका, धिस इज द बॅड वेदर." रात्री गोठला नाही तर बर्फ ओला, जड होतो आणि कधीही सुटतो, असं तिने समजावलं. तेव्हापासून ऊन पडलं की मला धडकी भरते.

* * *

सह्याद्रीत मिलिंदचा एक नियम होता. अवघड जागी सगळ्यांनी हात धरायचे, कुणालाही एकटं सोडायचं नाही. पहिल्याच ट्रिपला त्याने आम्हाला हातात हात घालून बर्फाच्या उतारावर नेलं. अनया मागून ओरडली. उतार एकेकट्याने ओलांडायचा, बाकीच्यांनी कडेला थांबून बघत राहायचं.

"सगळे एकत्र गाडले गेलात तर शोधणार कोण?"

मिलिंदने हात सोडला, पण त्याला ते पटलं नव्हतं. बायकोला एकटीला पुढे धाडायचं म्हणजे काय, असं तो गाडीत पुटपुटत होता.

* * *

मग बीकनची प्रॅक्टिस. प्रत्येकाने अंगावर बांधायचं हे यंत्र बर्फाखालून सिग्नल देतं, आणि वरचे आपापल्या यंत्रावर तो शोधतात. गावात बर्फ शिल्लकच नव्हता, म्हणून अनयाने एक बीकन वैशालीच्या लाल जॅकेटात गुंडाळून बॅकयार्डातल्या पाल्यात पुरलं. मिलिंद आपल्याच अंगणात अर्धा तास गोल गोल फिरत राहिला. शेवटी सापडलं, तेव्हा तो विजयी वीरासारखा जॅकेट उंचावून उभा.

अनया हळूच म्हणाली, "टू लेट, काका."

मिलिंदने ते जॅकेट कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही.

* * *

फेब्रुवारीत जरा थंडी पडली आणि अनया आम्हाला एका तळ्यापर्यंत न्यायला तयार झाली. अट एकच, ऊन चढायच्या आत परतायचं. पण तळ्यावर चहा केल्याशिवाय मिलिंद परत फिरत नाही. स्टोव्ह पेटेना, मग आलं शोधता शोधता ते घरीच राहिल्याचं कळलं, आणि निघेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. अनया झाडीतल्या लांबच्या वाटेने जाऊ म्हणत होती. मिलिंद म्हणाला, सकाळी याच उतारावरून आलो ना. काकांपुढे पोरीचं चाललं नाही.

अनया पलीकडे गेली. मग मी, देवाचं नाव घेत. मग वैशाली.

ती बरोबर मधोमध असताना बर्फाच्या पोटात धप्प असं काहीतरी झालं आणि तिच्या वर लांबलचक भेग पडली. वैशाली जागच्या जागी थिजली. तिने मागे वळून हात पुढे केला.

"मिलिंद, हात दे."

मिलिंदने पाऊल उचललं. अनया ओरडली, "काका, थांबा! तुमच्या वजनाने दोघंही जाल."

त्याने पाऊल मागे घेतलं. मिलिंद म्हणाला, "वैशाली, चालत राहा. मी बघतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि चालू लागली. ती आमच्यापर्यंत पोचली न पोचली तोच मागचा उतार सुटला. धुरळा बसला तेव्हा आमची वाट उरली नव्हती. मिलिंद पलीकडे तसाच उभा होता. तो झाडीतून वळसा घालून आला.

गाडी त्यांच्या घरासमोर थांबली. मिलिंद उतरला, वैशालीच्या बाजूचं दार उघडलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

वैशाली सीटवरून हलली नाही. "तू हो पुढे," ती म्हणाली. "दारात पोचलास की सांग. मी इथून बघते."

मिलिंद एकटाच दाराकडे निघाला.