पाठमोरे अप्पा

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गदबैल बाजारातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होतो. पलीकडून तिची मुलगी एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली... झोपेतच." वय झालं होतं, गुडघ्यांपलीकडे कसली तक्रार नव्हती. धारवाडला पोहोचलो तर अक्काला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि वर भिंतीवर ते चित्र. याला आता महिना होऊन गेला.

अक्का माझी आतेबहीण, पण वाढली आमच्याच घरी. ती पाळण्यात असताना तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले आणि तिकडेच तापानं वारले. आत्या लेकीला घेऊन माहेरी आली. अक्काच्या वडिलांचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. लढाई संपल्यावर अळणावरजवळच्या खेड्यातले त्यांचे सोबती परसूअण्णा आत्याला भेटायला आले. त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र आणलं. पलटणीबरोबर फिरणाऱ्या कुणा गोऱ्या चित्रकारानं ते त्यांना दिलं होतं : चिखलातून चाललेले शिपाई, सगळे पाठमोरे, खांद्यावर बंदुका. "ह्यातले हे," म्हणून परसूअण्णांनी एका शिपायावर बोट ठेवलं. अक्काचे अप्पा ते एवढेच. शाळेतून आली की ती त्या पाठीला दिवसभराचं सगळं सांगायची. पुढे शिक्षिका झाली, घर बांधलं, तेव्हाही आधी चित्राची भिंत ठरली आणि मग बाकीचं घर.

अक्का चाळिशीत असेल तेव्हाची गोष्ट. परसूअण्णांचा मुलगा अमरगोळच्या धान्यबाजारात भात विकायला आला होता, तो दुकानात येऊन म्हणाला, "आमच्या अप्पांनी अक्कांना बोलावलंय. मी आहे तोवर या म्हणतात." आम्ही दोघं गेलो. म्हातारा ओसरीवर बसला होता. चहा आला. मग म्हणाला, "बाई, चित्र काढलं तवा तुजे अप्पा नव्हते. आदीच गेल्ते. तुजी आई इचाराय लागली, ह्यातले ते कुठले? मला नाहीत म्हनवंना... मी माज्यावरच बोट ठेवलं."

मला वाटलं, अक्का आता उठून चालू लागेल. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अण्णा, जरा चालून दाखवता?"

परसूअण्णा काठी टेकत उठले आणि अंगणातून गोठ्याकडे चालत गेले. अक्का मागून बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही. "खांदा तोच आहे," ती मला हळूच म्हणाली. ते परत आल्यावर तिनं विचारलं, "आणि अप्पा कुठं चालायचे?"

"माज्या डाव्या अंगाला. कायम."

परतताना गाडीत मी विचारलं, चित्र भिंतीवरून उतरवून ठेवायचं का? "का म्हणून? आई त्याच्यावरच जगली की," ती म्हणाली. पुढे परसूअण्णा होते तोवर दर दसऱ्याला ती त्यांना सोनं द्यायला जायची.

परवा तिच्या मुलीनं चित्र माझ्याकडे दिलं. फ्रेमवर धूळ होती, म्हणून फडकं घेऊन बसलो. काच उजेडाकडे तिरकी धरली तर बोटांचे ठसे दिसले, एकावर एक उमटलेले... सगळे त्या शिपायाच्या डाव्या अंगाला, जिथं नुसता कोरा कागद आहे. तेवढी काच मी पुसली नाही.