भिंगरी की खुळखुळा

"भिंगरी की खुळखुळा?"

दोन्ही तळहातांवर दोन गळ ठेवून दादा हा प्रश्न विचारायचे. विचारायचे मला, पण उत्तर माझ्याकडून नको असायचं. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पाण्याकडे बघितलेलं असायचं आणि दोनांपैकी एक गळ परत डब्यात गेलेला असायचा. प्रश्न विचारून उत्तर न ऐकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो. दादांचा मला कधी आला नाही, कारण ते खरं तर माशाला विचारत असत.

दादा आमच्या कंत्राटदाराच्या यार्डात क्रेन चालवायचे. कुवेतमध्ये मीना अल-अहमदी बंदराच्या वाटेवर आमचं यार्ड आहे. तिथे पाइप जोडून तयार करतात आणि ट्रेलरवर चढवून पुढे पाठवतात. मी त्याच यार्डात प्लॅनिंगला आहे. कुठला पाइप किती टनांचा, तो कधी उचलायचा, हे कागदावर ठरवणं माझं काम, आणि तो उचलून नेमका ठेवणं दादांचं. महबूला नावाच्या वस्तीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी बायकोमुलांसह पाचव्या मजल्यावर, ते पहिल्या मजल्यावर, चौघांच्या खोलीत. ते गुहागरकडचे, मी चिपळूणचा. ओळख व्हायला एवढं पुरलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही इमारतीमागच्या किनाऱ्यावर, खडकांच्या बांधावर जायचो. दादांकडे गळांचा तो मोठा डबा आला एका अमेरिकन इंजिनियरकडून. तो कुवेत सोडून निघाला तेव्हा विमानात वजन जास्त होईल म्हणून डबा दादांना देऊन गेला. त्यातले गळ अमेरिकेतल्या तळ्यांत मिळणाऱ्या बास नावाच्या माशासाठी बनवलेले. म्हणजे गोड्या पाण्याचे. ते खाऱ्या पाण्यात टाकू नयेत हे डब्यावर लिहिलेलं होतं, आणि मी ते दादांना वाचून दाखवलं होतं. "माशाला वाचता येतं काय?" ते म्हणाले.

डब्यात मुख्य प्रकार दोन होते. एक स्पिनरबेट. सेफ्टी पिन उघडून धरावी तशी वाकवलेली तार, एका टोकाला पिंपळपानाएवढं चकचकीत पातं, दुसऱ्या टोकाला शिशाचं डोकं, रबराची झालर आणि झालरीत लपलेला गळ. ओढलं की पातं गरगर फिरतं आणि चमकतं. दादांनी त्याचं नाव ठेवलं भिंगरी. दुसरा ब्लेडेड जिग. त्याला तार नाही. शिशाच्या डोक्यापुढेच एक षटकोनी पत्रा अडकवलेला. ओढलं की तो पत्रा डावी-उजवीकडे आपटत राहतो आणि दोरीतून थेट हाताला खडखड जाणवते. तो खुळखुळा. दोघांचं वजन जवळजवळ सारखं, चौदा ग्रॅमच्या आसपास. मी घरच्या काट्यावर केलं होतं.

"भिंगरी डोळ्यासाठी, खुळखुळा कानासाठी," दादा समजावून सांगायचे. "पाणी निवळ असंल तर मासा बघतो. पाणी गढूळ असंल तर ऐकतो. आपण माशाला एवढंच विचारायचं, बाबा, तू आज बघतोयस की ऐकतोयस."

निवळ म्हणजे किती निवळ, हे मला कळेना. माझ्या डोक्याला माप लागतं. बांधापासून थोड्या अंतरावर कुणीतरी टाकलेला रंगाचा पांढरा डबा तळाशी पडला होता, कमरेइतक्या पाण्यात. मी ठरवलं, डबा दिसला तर निवळ, नाही दिसला तर गढूळ. दादांना ते फार आवडलं. "हिशेबनीस, डबा काय बोलतोय आज?" असं ते विचारू लागले. डबा दिसला की भिंगरी, नाही दिसला की खुळखुळा. एक अख्खा हिवाळा आम्ही याच नियमाने काढला आणि नियम बऱ्यापैकी चालला. दोन-तीनदा चांगला हामूर, म्हणजे आपला हेकरू, मिळाला. बाकी शेम नावाचे लहान मासे. त्यांच्या तोंडातला गळ हळूच काढून दादा त्यांना परत सोडायचे.

या सगळ्याची चेष्टा करायला एक जण हक्काचा होता. आमच्या इमारतीखाली बकाला आहे, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. तो चालवणारा श्रीवर्धनकडचा, दादांच्याच वयाचा. तोही कधीमधी दुकान भावावर सोपवून गरवायला यायचा, पण कोळंबी लावून. "तुझा मासा काय लोहाराच्या घरचा हाय? पत्रं खातोय तो," असं तो दादांना म्हणायचा. दादा त्याला म्हणायचे, तू स्वतः कोळंबी खातोस आणि डोकं लावतोस गळाला. दोघांची अशी जुंपायची की मासे राहायचे बाजूला. परत येताना दादा गळ पिण्याच्या पाण्याने धुऊन जुन्या बनियनने पुसायचे. तरी ते गंजायचेच. गळांचा डबा उघडला की गंजाचा वास यायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात दादा भिंगरी काढेनासे झाले. प्रश्न विचारायचे, पण हातात राहायचा तो खुळखुळाच. मला आधी वाटलं, गंजून भिंगऱ्या संपल्या असतील. यार्डातही त्यांची शिस्त वाढल्याचं कानावर येत होतं. क्रेनने पाइप उचलताना खाली उभा असलेला रिगर हाताच्या खुणा करतो. दादांनी सांगून टाकलं होतं की धूळ फार असते, खुणा नकोत, प्रत्येक वेळी वॉकी-टॉकीवर बोला. सकाळच्या सुरक्षा बैठकीत सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. इतका जुना ऑपरेटर, पण किती काळजी घेतो, बघा.

मग एक शुक्रवार आला. वारा अजिबात नव्हता. समुद्र काचेसारखा. पांढरा डबा तर दिसत होताच, पण त्याची वाकडी झालेली कडीही दिसत होती. दादांनी दोन्ही तळहात पुढे केले, पाण्याकडे पाहिलं आणि खुळखुळा दोरीला बांधायला घेतला. गाठ मारताना ते दोरी ओठांना लावून चाचपत होते.

मी म्हटलं, "दादा, डबा दिसतोय."

"नाय हो. पाणी मातीसारखं हाय."

"कडीसकट दिसतोय."

त्यांचा हात थांबला. ते डब्याच्या दिशेने बघत राहिले. दिशा बरोबर होती, कारण जागा पाठ होती. शेवटी म्हणाले, "मग औंदा समुद्र नाय बिघडला."

हे वाक्य मला त्या क्षणी समजलं नाही. मग ते स्वतःच बोलू लागले, एकेक तुकडा करून. गेल्या उन्हाळ्यापासून डोळ्यांपुढे काळे धागे फिरत होते, शेवाळ तरंगावं तसे. साखर तर पंधरा-वीस वर्षांची जुनी. समुद्रावर आले की पाणी गढूळ दिसायचं. त्यांना खरोखर वाटलं होतं की यंदा समुद्रच खराब आहे. कुठेतरी गाळ उपसत असतील, जहाजं वाढली असतील. यार्डात दिसायचं नाही ते धुळीमुळे. कुवेतमध्ये धूळ तर असतेच. प्रत्येक ठिकाणी त्यांना एक कारण मिळत गेलं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

मी विचारलं, रिगर दिसतो का?

"उजवीकडं असला तर अंगातलं जाकीट दिसतं. हात नाय दिसत."

"मग क्रेन कशी चालवता?"

"आवाजावर." त्यांनी हातातला खुळखुळा हलवला. "तो सांगतो, मी करतो. आजवर एक पाइप इकडचा तिकडं झाला काय? सांगा ना, तुमच्याकडं तर सगळा हिशेब हाय."

खरं होतं. एकही पाइप इकडचा तिकडे झाला नव्हता. पण दुसऱ्या दिवशीची यादी मीच केली होती. चार-चार टनांचे पाइप ट्रेलरवर चढवायचे होते, आणि त्या ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहणार होती. मी फक्त एवढंच विचारलं, वॉकी-टॉकीची बॅटरी मधेच गेली तर?

 दादांनी खुळखुळा फेकला. तो कुठे पडला ते पाहण्यासाठी मान वळवली नाही. बोटावर दोरी धरून ओढत राहिले. मी बाजूला उभा राहून बघत होतो. माणूस किती तन्मयतेने ऐकू शकतो ते मी त्या सकाळी पाहिलं.

मग ते वडिलांबद्दल बोलले. वडिलांचीही नजर अशीच गेली होती. ओटीवर बसून असायचे आणि पाऊल वाजलं की विचारायचे, कोण? आधी सगळे नाव सांगायचे. मग पोरंटोरं मुद्दाम गप्प राहायची. पुढे पुढे मोठी माणसंही न बोलता आत निघून जायची, कारण दिवसातून कितीदा नाव सांगणार? "मीही गेलोय तसा, भाऊ. चपला हातात घेऊन." दादांची बायको वारली होती. मुलगा डोंबिवलीला, त्याचा संसार दोन खोल्यांत. गावच्या घरी भावाचं कुटुंब. "क्रेनवर चढलो की खालची माणसं माझ्याकडं बघतात. खाली उतरून गेलो की त्या ओटीवर."

हे सगळं ऐकूनही मला एकच गोष्ट बोलायची होती आणि ती मी बोललो. उद्या सकाळी तुम्ही सुपरवायझरला सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल.

"तुम्ही नको," ते म्हणाले. "मला तोंड हाय."

शनिवारी ते क्रेनवर चढलेच नाहीत. पहिला पाइप उचलायच्या आधी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. सुपरवायझर केरळचा, मनाने चांगला. त्याला वाटलं दादांना गावी जायला सुट्टी हवी आहे. तो हसत म्हणाला की अजून महिनाभर तरी सोडणार नाही. दादांनी हिंदीत सांगितलं, "साब, मुझे रिगर का हाथ नहीं दिखता." तेव्हा तो हसायचा थांबला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यापुढे रक्त उतरलं आहे. वर्षभर आधी आले असते तर लेसरने बरंच वाचलं असतं. आता डावा गेल्यात जमा, उजवा राहील तितका राहील. आम्ही काही जणांनी खटपट केली की दादांना हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवता येईल का. पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, धंदा क्रेन ऑपरेटरचा लिहिलेला, तो बदलून मिळेना, आणि कंपनीलाही तेवढी घाई नव्हती. व्हिसा रद्द झाला.

शेवटच्या आठवड्यांत ते समुद्रावर आले नाहीत. संध्याकाळी बकाल्यासमोर दुधाच्या उलट्या क्रेटवर बसून असायचे. श्रीवर्धनवाला मधेमधे चहा आणून हातात द्यायचा, कप नीट धरला ना हे बघून मग सोडायचा. घरून आलेल्या सांदणांतलं एक त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. सगळं हळू आवाजात. एक दिवस मी तिथे उभा असताना दादा त्याला म्हणाले, "तू शिव्या द्यायचा थांबलास. म्हणजे मी आंधळा झालो, पक्कं."

तो माणूस दुकानात गेला आणि बराच वेळ फळीवरची डबडी उगाच सारखी करत राहिला. परत आला तेव्हा त्याने प्रयत्न केला. म्हणाला, "ऊठ तिथून, गिऱ्हाईकाची वाट अडवतोस." पण त्याला ते जमलं नाही. आम्हा तिघांनाही ते कळलं.

विमानतळावर सोडायला मी गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद बघितले, दादांकडे बघितलं आणि व्हीलचेअर मागवली. ती ढकलणारा बांगलादेशी कामगार आला. दादा बसायला तयार होईनात. पाय ठणठणीत आहेत, ते म्हणत होते, आणि ते खरंच होते. शेवटी असं ठरलं की खुर्ची रिकामीच पुढे चालेल आणि दादा तिच्या पाठीवर हात ठेवून मागून चालतील. त्या कामगाराने काही प्रश्न विचारला नाही. खुर्चीत त्याने दादांची पिशवी ठेवली.

पुढे फक्त प्रवाशांना सोडतात. मी दोरीच्या अलीकडे थांबलो. निघताना दादांनी माझा दंड दाबला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." आणि पुढे, "पण बोलला नसतात तर बरं झालं असतं." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच आवाजात म्हटली. मला वाटतं दोन्ही खरी होती.

ते खुर्चीच्या मागून चालत गेले, ताठ, चांगल्या वेगाने. पासपोर्टच्या रांगेपाशी पोचल्यावर त्यांनी कामगाराला थांबवलं आणि माझा निरोप घ्यायला मागे वळले. जिथे वळले तिथे, माझ्यापासून बऱ्याच डावीकडे, खांबाजवळ पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा कुवेती कुणाची तरी वाट बघत उभा होता. दादांनी त्याच्याकडे बघून हात वर केला आणि तोंडभर हसले.

त्या म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिलं. मग त्यानेही हात वर केला, आणि दादा वळून आत जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मी हाक मारली नाही.