थोरलीने पाळलेला जंतू

आमच्या समोरच्या घरात दोघी जावा राहतात. थोरली खाली, धाकटी वर. थोरलीची लेक माझ्या वर्गात होती, तेव्हापासून त्या घराशी माझं जाणंयेणं.

थोरली गुरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आजारी गाईंच्या दुधातले जंतू प्लेटवर, म्हणजे खाद्याचा थर दिलेल्या पारदर्शक झाकणाच्या बशीत, वाढवायचे, ओळखायचे आणि त्यातले काही बारीकशा कुप्यांत गोठवून ठेवायचे, हे तिचं काम. तिचा फ्रीझर तिच्या स्वयंपाकघरापेक्षा नीटनेटका. बोलणं हळू, पण आपल्या वस्तूला कुणाचा हात लागला की भुवई वर जायची.

धाकटी माणसांच्या दवाखान्यात. तिच्याकडे एक नवं यंत्र आलं. जंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांचा आख्खा मजकूर, ते अक्षर न् अक्षर वाचतं. दोन जंतूंचे मजकूर शेजारी ठेवले की कोण कुणाचा वंशज, वाटेत कुणी काय टाकलं आणि काय उचललं, ते कळतं.

यंत्र आलं आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई येईल त्याला सांगत, की आमची धाकटी जंतूंच्या वंशावळी काढते. मग थोरलीकडे मान वळवून, "ही पण तसलंच काहीतरी करते. गुरांचं." ते 'तसलंच काहीतरी' तिच्या घशात घासागणिक अडके. धाकटीचे दाट केस, वरच्या मजल्यावरचं ऊन, हे सगळं तिने पचवलं होतं. यंत्र पचेना.

अशात एका गोठ्यावर गाईंच्या कासा सुजल्या आणि धार काढणाऱ्या गड्याच्या हातांवर फोड आले. गाईंचा जंतू थोरलीकडे तपासला, गड्याचा धाकटीकडे; दोन्हीकडे एकाच जातीचा निघाला. मालकाचं म्हणणं, हा रोग गड्यानेच आणला, त्याने चालू लागावं. गोठ्यालगतच्या खोलीत गड्याची बायको आणि तान्ही मुलगी होती. काम गेलं की खोलीही जाणार. गडी म्हणे, मी येण्याच्या आधीपासून इथल्या गाई आजारी पडताहेत.

ते खरं होतं, आणि थोरलीला ठाऊक होतं. गडी येण्याच्या कितीतरी आधी त्याच गोठ्यातल्या एका गाईचा जंतू तिने गोठवला होता. धाकटीने तोच मागितला. जुना जंतू गड्याच्या जंतूचा पूर्वज निघाला, तर रोग गाईंकडून माणसाकडे गेला हे सिद्ध होणार होतं.

मूळ कुपी धाकटीच्या हाती द्यायचं थोरलीच्या अगदी जिवावर आलं. आपण जपायचं आणि नाव तिचं व्हायचं. त्याच जंतूची एक प्लेट तिच्या टेबलावर नेहमी असे. जंतूंचं नवं खाद्य तयार केलं की ते नीट झालंय का, हे त्याच्यावर तपासायचं. वर्षानुवर्षं या प्लेटवरून त्या प्लेटवर टाकून तिने तो पाळला होता. तिने ती प्लेट दिली. खोटं काहीच नव्हतं, त्याच गाईचा जंतू होता.

निकाल आला. धाकटी जिन्यातच म्हणाली, "ताई, नातं आहे, पण फार लांबचं. याची कितीतरी जनुकं गळालेली आहेत. गड्याचा जंतू याच्यापासून आला असं नाही म्हणता येत. मालकाला तसं कळवते उद्या."

थोरली तिथेच पायरीवर बसली. जनुकं का गळाली, ते तिला लख्ख कळलं होतं. गाईच्या अंगात जंतूला झगडावं लागतं. प्लेटवर आयतं खायचं, अंगावर कुणी येत नाही. मग हत्यारं कशाला सांभाळायची? तिच्या टेबलावर तो पिढ्यान् पिढ्या सुखात राहिला आणि एकेक हत्यार टाकत बदलत गेला. आणि आता त्याच्यापायी एक तान्ही मुलगी खोलीबाहेर पडणार होती.

"कळवू नकोस," ती म्हणाली. "मी तुला टेबलावरचा दिला. मूळचा फ्रीझरमध्ये आहे."

"अहो, मग तो का नाही दिलात?"

"तू मागितलास म्हणून."

धाकटी तिच्या शेजारी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझं काम कळत नाही म्हणून तुम्ही विचारत नाही."

"कळतं गं. तेच तर."

दुसऱ्या दिवशी थोरली बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन स्वतः गेली, आणि यंत्रासमोरची खुर्ची मिळेपर्यंत हलली नाही. या वेळी नातं जवळचं निघालं. गाईचाच जंतू गड्याच्या हातावर गेला होता, आणि माणसाच्या अंगात टिकायला उपयोगी अशी दोन-चार जनुकं त्याने तिथे नवीन उचलली होती. गडी राहिला. मालकाने रबरी हातमोजे आणले.

इथे थांबलं असतं तर बरं. पण टेबलावरचा जंतू सुखात राहून कसा बदलला, यावर बोलायला बाहेरगावच्या शास्त्रज्ञांनी धाकटीला बोलावलं. सासूबाईंचं शेजारीपाजारी सांगून झालं. थोरलीने त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

धाकटी खाली आली आणि म्हणाली, दाखवायला ती प्लेट हवी होती. थोरलीची भुवई वर गेली. पण तिने प्लेट दिली. झाकणावर स्वतःचं नाव मात्र एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलं, की खालचा जंतू दिसायला धाकटीला झाकण उघडावंच लागलं असतं.