योग म्हणणारे अण्णा

लग्न होऊन धारूरला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी शेजारच्या अंगणातून भांडण ऐकू आलं. घाबरून पाहिलं, तर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक अण्णा आणि त्यांच्या पत्नी सरूकाकू चहा पीत बसले होते. भांडण चाललं होतं पृथ्वीवरून.

"पाहुणा यायच्या आधी घर सारवून ठेवावं, तशी ठेवलीय धरती कुणीतरी," काकू म्हणत होत्या. "पाणी, हवा, ऊन, समदं बेतानं."

"कुणी न्हाई ठेवली. योग हाय, निव्वळ योग!" अण्णा म्हणाले. "वर लई गोळे हायेत. कुठं आग, कुठं बर्फ. इथं जमलं, म्हणून तर आपण इथं बसून भांडतोय."

हे रोजचंच होतं. डोंगरातली सीताफळं घरात आली, की अण्णा विचारायचे, "ही कुणी लावली, सांग." फळ फोडून त्यांच्या हातात देत काकू म्हणायच्या, "लावणारा पाटी न्हाई लावत." अण्णांना हसू फुटायचं, पण हार मानायचे नाहीत. त्यांचा 'योग' गावभर झाला होता. एसटी वेळेवर आली तरी लोक म्हणायचे, "योग हाय, अण्णा!"

एका दुपारी भाजी निवडता निवडता काकू गेल्या. अण्णा अंगणात येईनासे झाले. शेवटी मीच चहा घेऊन गेले आणि त्यांना बोलतं करावं म्हणून म्हणाले, "अण्णा, पृथ्वीवर सगळं जमून आलं, हा योगच ना?"

त्यांनी झटकन वर पाहिलं. "योग कावून म्हणतीस? एवढं बेतानं आपोआप होतं व्हय? कुणीतरी सारवून ठेवलीय धरती."

शब्द काकूंचे, हेलही त्यांचाच. तेव्हापासून मी अण्णांच्या बाजूनं भांडायचे आणि अण्णा काकूंच्या.

एकदा न राहवून विचारलं, "तुम्हाला खरंच पटलंय का हे?"

"न्हाई पटलं, पोरी." त्यांनी कप खाली ठेवला. "पण मी न्हाई बोललो, तर तिचं बोलणं घरात कुठं ऱ्हाईल?" मग डोंगराकडे पाहत म्हणाले, "एक मातर कोडं हाय. एवढा अफाट पसारा, अन् त्यात ती अन् मी एकाच वेळी, एकाच अंगणात. ह्याला योग म्हणायला जीभ रेटत न्हाई बघ."

गेल्या उन्हाळ्यात अण्णाही गेले. सकाळी मी ओट्यावर चहा घेऊन बसते. दोघांचीही बाजू मला तोंडपाठ आहे. कुणीतरी समोरून "चूक!" म्हणावं, एवढंच वाटत राहतं.