सभावाल्या काकी

ग्रामसभेला काकी सरपंचांच्याही आधी हजर. सभेला माणसं पुरेनात म्हणून आम्ही घरोघर निरोप धाडायचो, तेव्हा ह्या बाई पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसलेल्या असत. नाव दुसरंच होतं, पण बोईसरला खेटून असलेल्या आमच्या गावात सगळे त्यांना सभावाल्या काकीच म्हणत.

मी पंचायतीत लिपिक. ठराव लिहिणं माझ्याकडे. काकी बोलून बसल्या की लगेच फर्मान सुटे, "आमी काय बोललो, तेवडं वाच." वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. मागणी एकच, त्यांच्या आळीला नळ. नव्या चाळींना पाइप पोचला, कारखान्यांच्या बसगाड्या आळीच्या तोंडाशी थांबू लागल्या, नळ काही आला नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकी, दर वेळी तेच काय?"

"नळ आलाय का? नाय ना? मंग दुसरं काय बोलू?"

मी मुकाट्याने लिहून घेतलं.

पुढे गावाची नगरपरिषद करायची म्हणून खास ग्रामसभा भरली. काकींनी उठून विचारलं, "परिषद झाली तरी आमची सभा अशीच होल ना?" उत्तर पंचायतीतल्या इतरांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी पाहिलं माझ्याकडे. ठराव त्याच दिवशी व्हायला हवा होता आणि मला घाई होती. "होणार की, मोठ्या सभागृहात," मी म्हणालो. काकींचा हात वर गेला. तो पाहून अख्ख्या आळीचे हात वर झाले.

निवडणूक होऊन परिषदेची पहिली सभा भरली. ठेवणीतलं पातळ नेसून काकी दोन जिने चढून आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि नळाचं बोलायला उभ्या राहिल्या. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "आजी, इथे फक्त नगरसेवक बोलतात. तुम्ही अर्ज द्या."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत मान घातली.

सभा संपल्यावर जिन्यात मी अर्ज लिहून देतो म्हणालो. "तू लिवशील रं," त्या म्हणाल्या, "पण मंग बोलल कोन?" त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. मीही आळीत गेलो नाही. तोंड कुठलं होतं जायला!

थंडीत त्या गेल्या. मृत्यूचा दाखला न्यायला त्यांची सून माझ्या खिडकीवर आली. शिक्का मारताना राहवलं नाही. विचारलं, "काकी माझ्यावर फार रागावल्या होत्या का हो?"

"नाय ओ," ती म्हणाली. "आई बोलायच्या, त्या बिचाऱ्याला तरी कुठं म्हायत होतं?"

मला माहीत होतं.