नॉयष्टाटचा बुरूज

डॉक्टर मुरलीधर खांबेटे यांची सगळी नोकरी लीड्सच्या हॉस्पिटलात यॉर्कशायरच्या लोकांना भूल देण्यात गेली. समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत निपचित पडायचा. त्यामुळे आपलं म्हणणं कोणी खोडूनही काढू शकतं, ही गोष्ट डॉक्टरांना कधी कळलीच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी इतिहास हाती घेतला आणि त्याच वर्षी ते तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. निवडणूक दर वर्षी व्हायची. दर वर्षी दुसरं कोणी उभं राहायचं नाही. याला डॉक्टर लोकांचं प्रेम म्हणायचे.

हिवाळ्यात त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं असे: 'युरोपचा वैभवशाली वारसा'. पडद्यावर किल्ले, बुरूज, चर्चचे घुमट यायचे आणि डॉक्टर हातात पट्टी घेऊन ते जणू स्वतः बांधून घेतल्यासारखे समजावून सांगायचे. लोक यायचे, कारण नंतर मिसळ असायची.

गेल्या हिवाळ्यात मात्र गडबड झाली. शार्दूल नावाचा एक मुलगा नागपूरहून नुकताच नोकरीसाठी आला होता. मंडळाच्या चालीरीती त्याला ठाऊक नव्हत्या. व्याख्यान संपल्यावर त्याने हात वर केला.

"काका, हे फोटो तुम्ही काढलेत?"

"नेटवरून घेतलेत. का?"

"नाही, म्हणजे तुम्ही यातलं कुठलं गाव स्वतः पाहिलंय?"

मागच्या रांगेत पेंगणारी दोन-तीन माणसं खडबडून जागी झाली. डॉक्टरांनी घसा खाकरला. "पॅरिसला जाऊन आलोय की," ते म्हणाले.

पॅरिसला ते कोच टूरने गेले होते हे खरं. पण पहिल्याच दिवशी पोट बिघडलं, आणि पॅरिसमधलं त्यांनी सर्वांत नीट पाहिलेलं स्थळ म्हणजे हॉटेलचं बाथरूम. त्यांची बायको सुहासिनी मिसळ वाढत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलताना डॉक्टरांना दिसले.

तो आठवडाभर डॉक्टरांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी आपल्या दोन जुन्या मित्रांना घरी बोलावलं. ज्ञानेश्वर ठोसर कौन्सिलच्या रस्ते विभागातून निवृत्त झालेला. कमी बोलायचा, पण बोलला की समोरच्याचा रक्तदाब वाढेल असं बोलायचा. दुसरा शशिधर. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, ते आता मुलगा बघत होता. शशिधर जगाकडे दोन जेवणांमधलं अंतर म्हणून पाहायचा.

"युरोप," डॉक्टर म्हणाले. "स्वतःच्या गाडीने. जर्मनीतली जुनी गावं, मग आल्प्स. तिघेच."

"अक्षराला काय सांगणार?" ज्ञानेश्वरने विचारलं.

तिथेच सगळं अडलं. अक्षरा ही डॉक्टरांची एकुलती एक मुलगी, जन्माने लीड्सची, आता एडिनबरातल्या एका वित्तसंस्थेत जोखीम मोजायच्या कामाला. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून तिने त्यांचीही जोखीम मोजायला घेतली होती. बाबा शिडीवर चढायचे नाहीत, बाबा मोटरवेला गाडी चालवायचे नाहीत, बाबा कुठल्याही हॉस्पिटलपासून तासाभरापेक्षा लांब जायचे नाहीत. बाकी दोघांच्या घरीही हाच कायदा. ज्या माणसांनी एकेकाळी मुलांना पोहायला, सायकलला आणि परदेशी शाळासहलीला परवानगी दिली किंवा नाकारली, ती आता दुपारी फिरायला जायची परवानगी मागत होती.

"आपण लेक डिस्ट्रिक्टला जातोय," ज्ञानेश्वर म्हणाला.

"अरे, लेक डिस्ट्रिक्ट नाही, आल्प्स!"

"मुलांना सांगायला रे. इंग्लंडातच आहे, तिथे डोंगर-तळी आहेत आणि फोनला रेंज नसते. खोटं बोलायचं तर त्याच्यासारखी जागा नाही."

डॉक्टरांनी सुहासिनीला विश्वासात घ्यायचं ठरवलं. "हे बघ, आम्ही खरं म्हणजे—"

"कुठे जाताय ते मला सांगू नका," ती म्हणाली. "म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही." तिने बॅग भरली. गोळ्या दिवसांप्रमाणे लावून दिल्या, लोकरीचे मोजे ठेवले आणि सगळ्यात वर, नजरेतून सुटू नये असा, पासपोर्ट ठेवला.

उन्हाळ्यात हल बंदरातून गाडी बोटीत घालून तिघे रॉटरडॅमला उतरले. गाडी ज्ञानेश्वरची, चालवणारा तोच. शेजारी डॉक्टर. मागच्या सीटवर शशिधर, त्याच्या मांडीवर चिवड्याचा डबा आणि हातात रस्ता दाखवणारा सॅटनॅव. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नाही म्हणून डॉक्टर प्रत्येक चौकात "राइट, राइट!" असं ओरडायचे. ज्ञानेश्वर दर वेळी "राइट," एवढंच म्हणायचा आणि होकार देतोय की दिशा सांगतोय ते शशिधरला कळायचं नाही.

डॉक्टरांनी सर्वाधिक तयारी केली होती ती नॉयष्टाटची. वाइनच्या मळ्यांमधलं जुनं गाव, लाकडी चौकटींची घरं, कमानी. व्याख्यान तोंडपाठ होतं. त्यांनी बोटीवरच शशिधरला सांगून ठेवलं, "नॉयष्टाट टाक." शशिधरने नॉयष्टाट टाकलं, समोर जे पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा चिवड्याकडे वळला. नॉयष्टाट म्हणजे 'नवं गाव', आणि जर्मनीत या नावाची गावं आपल्याकडच्या पिंपळगावांइतकी आहेत, हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गाव आलं. मळे दिसेनात. "हंगाम नसेल," डॉक्टर म्हणाले. लाकडी घरं चार-दोनच होती. "बाकीची युद्धात गेली असणार." पण चौकाच्या पलीकडे, झाडांच्या वर मान काढून, एक गोल विटांचा बुरूज उभा होता. वर कंगोरे, खाली अरुंद खिडक्या. तो बघताच डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की ज्ञानेश्वरने मुकाट्याने गाडी थांबवली.

ते बुरुजाखाली उभे राहिले आणि सुरू झाले. तेरावं शतक. सरदारांची भांडणं. वेढा. याच खिडक्यांतून उकळतं तेल ओतलं जायचं, याच वाटेने धान्य आत यायचं. श्रोते दोनच होते आणि त्यातला एक सॉसेज खात होता. पण तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई, मराठी!"

पुण्याची एक टूर बस टायर बदलायला त्या गावात थांबली होती. उन्हाच्या टोप्या घातलेली पंधरावीस माणसं कंटाळून चौकात फिरत होती. ती सगळी डॉक्टरांभोवती गोळा झाली. पुढे मनीषाताई नावाच्या एक बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी फोन उंच धरला.

"काका, पहिल्यापासून सांगाल का? रेकॉर्ड करते."

डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तेल अधिक उकळलं, वेढा अधिक लांबला, आणि पहिल्या खेपेला नसलेली एक राजकन्या बुरुजाच्या टोकावर येऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी डोळे पुसले. टूर मॅनेजरने येऊन "टायर झाला" सांगितलं तरी कोणी हलेना. असे श्रोते डॉक्टरांना जन्मात मिळाले नव्हते.

ते पांगल्यावर ज्ञानेश्वर बुरुजाच्या दाराजवळ गेला. तिथे पितळी पाटी होती.

"वाचलीस का ही?"

"जर्मनमध्ये आहे ती."

"आकडे जर्मनमध्ये नाहीयेत. एकोणीसशे एकतीस लिहिलंय. आणि 'वासर' म्हणजे पाणी, एवढं मलाही कळतं. मुरली, ही पाण्याची टाकी आहे."

डॉक्टरांनी वाकून पाटीवरून बोट फिरवलं. "जीर्णोद्धाराचं साल असेल," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. शशिधरने सॅटनॅव तपासला. मग हळूच म्हणाला, "अरे, इथे खाली अजून बरीच नॉयष्टाटं आहेत."

बस अजून उभी होती. "जा, सांगून ये," ज्ञानेश्वर म्हणाला.

डॉक्टर खरंच गेले. बसच्या दारात पोचले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मनीषाताई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि त्यांच्या पाया पडल्या. "पूर्ण टूरमध्ये एवढं सुंदर कोणी सांगितलं नव्हतं, काका." डॉक्टरांचा हात आपोआप आशीर्वादासाठी वर गेला. बसचं दार बंद झालं.

"सांगितलंस?" परत आल्यावर ज्ञानेश्वरने विचारलं.

"त्यांना उशीर होत होता," डॉक्टर म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढचा प्रवास तसा शांततेत झाला. डॉक्टर एकाही चौकात ओरडले नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये शिरल्यावर त्यांनी एका घंटाघराकडे पाहिलं, ओठ हलवले आणि पुन्हा मिटून घेतले. तिसऱ्या गावात शशिधरनेच काळजीने विचारलं, "अरे, काही सांगत का नाहीस? माझं जेवण पचत नाही असं."

मग फुर्का खिंड आली. वळणामागून वळण घेत गाडी वर चढत होती. एका वळणावर अचानक रेंज आली आणि तिघांच्याही फोननी एकदम आकांत मांडला. मनीषाताईंनी व्हिडिओ पुण्यातल्या आपल्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठे कुठे फिरून लीड्सच्या मंडळाच्या ग्रुपवर आला होता. वर मथळा: 'परदेशातील थोर मराठी इतिहासकार'. आणि त्याखाली श्टुटगार्टमध्ये वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या कस्तुरी नावाच्या मुलीचा नम्र खुलासा: 'काका फार छान बोलतात. फक्त ही पाण्याची टाकी आहे. मी इथेच शेजारी राहायचे.'

त्यानंतर हसून रडणारे चेहरे. ते मोजण्याच्या पलीकडे होते.

डॉक्टर ते वाचतायत तोच अक्षराचा फोन आला.

"बाबा, तू कुठे आहेस? खरी सांग."

"लेक डिस्ट्रिक्ट—"

"लेक डिस्ट्रिक्टमध्ये जर्मन पाटी कशाला लावेल कोणी? मी व्हिडिओ तीन वेळा बघितली. आई म्हणते तिला काहीच माहीत नाही. माझी विश्वास पूर्ण गेली, बाबा!"

"गेला," डॉक्टर सवयीने म्हणाले. "विश्वास गेला."

"हो, तू पण मान्य करतो ना!"

पुढे ती बरंच बोलली. स्टेंट, उंची, विरळ हवा, इन्शुरन्स. शेवटी तिचा आवाज चिरकला आणि ती इंग्रजीत म्हणाली की, तिला वाटलं होतं तो एका तळ्याकाठी बसून बदकं बघतोय, आणि ती रोज संध्याकाळी ते चित्र डोळ्यांसमोर आणून झोपत होती. मग रेंज गेली.

खिंडीच्या माथ्यावर ज्ञानेश्वरने गाडी थांबवली. डॉक्टर उतरले आणि कठड्यापाशी एकटेच उभे राहिले. अध्यक्षपदाचं त्यांना त्या क्षणी काही वाटत नव्हतं. लोक हसतायत याचंही फारसं नाही. तळ्याकाठची ती बदकं मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. आपण पोरीला घाबरून खोटं बोललो, आणि ती खोट्यावर निर्धास्त झोपत होती.

ज्ञानेश्वर येऊन शेजारी उभा राहिला. समोर बर्फाचे डोंगर एकामागे एक लांबवर गेले होते. खाली दरीत रस्ता सांडलेल्या दोऱ्यासारखा पडला होता.

"हे कोणी बांधलेलं नाही," ज्ञानेश्वर म्हणाला. "तुला काही सांगायचं नाहीये. नुसतं बघ."

डॉक्टरांनी बघितलं. वारा कानाला झोंबत होता. शशिधरने मागून येऊन चिवड्याचा डबा पुढे केला आणि तिघे खात उभे राहिले. डॉक्टरांना आठवेना की शेवटचं असं गप्प आपण कधी उभे राहिलो होतो.

"भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर—" ते म्हणाले.

"मुरली."

"बरं, बरं."

खाली उतरल्यावर त्यांनी अक्षराला स्वतः फोन केला, कुठे आहोत ते गावाच्या नावासकट सांगितलं, आणि त्यानंतर रोज सांगत राहिले. लीड्सला परतले तेव्हा ती एडिनबराहून येऊन दारातच उभी होती. तिने आधी त्यांची नाडी बघितली, मग गळ्यात पडली, आणि मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वेळी मी पण येणार. मागच्या सीटवर चिवडा माझी."

इकडे मंडळात शार्दूल कार्यकारिणीवर आला होता. त्याने पहिला ठराव आणला: कस्तुरीचं ऑनलाइन व्याख्यान ठेवायचं, विषय 'युरोपातल्या इमारती कशा वाचाव्यात'. डॉक्टरांकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. "अवश्य," ते म्हणाले. "पाहुण्यांची ओळख अध्यक्ष करून देतील."

हॉल पहिल्यांदाच भरला. मिसळ नाही असं आधीच कळवलं होतं, तरी भरला. पडद्यावर कस्तुरी हसतमुखाने बसली होती. पहिल्या रांगेत सुहासिनी आणि अक्षरा. डॉक्टर उभे राहिले, कागद न घेता.

"ती पाण्याची टाकी होती," ते म्हणाले.

हॉलमध्ये असा हशा फुटला की खिडक्या हादरल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. राजकन्या आपण कुठून आणली ते, बसच्या दारातून परत कसे फिरलो ते, मुलीला काय थाप मारली ते. लोक पोट धरून हसले, मग टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी डॉक्टरांना भरून आलं. भरून आलं म्हणून ते थांबले नाहीत. टाकीवरून पाणीपुरवठ्यावर आले, तिथून रोमन लोकांवर, रोमन लोकांवरून विटांवर. कस्तुरीने मध्ये एकदा उठून पाणी आणलं. शार्दूलने घड्याळ दाखवलं, ते डॉक्टरांना अनुमोदन वाटलं.

शेवटी हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत आत आला. वेळ संपली होती. "तर अशा या विदुषी आता आपल्याशी बोलतील," डॉक्टर म्हणाले. कस्तुरीने "नमस्कार" म्हटलं, आणि केअरटेकरने प्रोजेक्टर बंद केला.

घरी जाताना गाडी सुहासिनी चालवत होती.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरं बोललात," ती म्हणाली. सिग्नल सुटला, तिने गिअर टाकला. "फार लांब बोललात. पण खरं बोललात."