गोलकीपरची सावड

आमच्या फुटबॉल क्लबच्या कमिटीवर मी एकटी बाई, आणि चिटणीस. चिटणिसानं चहा सांगायचा आणि गप्प बसायचं, असा बाकीच्यांचा समज. अध्यक्षांचं लोणावळ्यात रिसॉर्ट. मीटिंग त्यांच्या हॉलमध्ये, भजी त्यांची, आणि ठरावही बहुधा त्यांचाच.

त्या जुलैत ठराव आला, की आमचा गोलकीपर पुण्याच्या एका क्लबला द्यायचा आणि बदल्यात त्यांचे दोन फॉरवर्ड घ्यायचे. कारण काय, तर भाताच्या आवणीत, म्हणजे लावणीच्या दिवसांत, तो प्रॅक्टिसला येत नाही. पोरगा आंदर मावळातला, घरी तो आणि आई एवढीच माणसं. खाचरं लावून होईपर्यंत तो येणार कसा?

"अशा पोराच्या भरवशावर क्लब चालत नाही, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "त्याला कुणी विचारलंय का?"

"सही करेल तो. माझ्या शब्दाबाहेर नाही."

हे मात्र खरं होतं. पुढच्या रविवारी त्याला सहीला बोलवायचं आणि तेव्हाच ठराव मताला टाकायचा, असं ठरलं.

मी त्याला फोन केला. "मला न्हाई जायचं, मॅडम," तो म्हणाला. "पुण्यात ऱ्हायचं म्हंजी हितं आई एकटी. पण सायबांना न्हाई कसं म्हनू? लय केलंय त्यांनी माझ्यासाठी."

मी भाजे गावची, शेतकऱ्याची लेक. टीमच्या ग्रुपवर लिहिलं: उद्या प्रॅक्टिस गोलकीपरच्या खाचरात, बूट आणू नका. कमिटीलाही रीतसर बोलावणं धाडलं. अध्यक्षांनी उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला. आले एकटे खजिनदार, तेही छत्री धरून बांधावर उभे राहायला. गोलकीपरच्या आईनं त्यांच्या हातात रोपांची जुडी ठेवली आणि म्हणाली, "उतरा की भाऊ." झक मारत उतरले. आमच्या स्ट्रायकरनं रोपं इतकी वाकडी लावली, की गोलकीपरच्या आईनं त्याच्या मागे फिरून ती उपटून पुन्हा लावली. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट. संध्याकाळी कुणाची कंबर सरळ होत नव्हती, पण खाचरं हिरवी झाली होती. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

आमच्याकडे याला सावड म्हणतात. आज आम्ही तुझ्या रानात राबलो, उद्या तू आमच्या रानात राबायचं. मजुरीचा प्रश्नच नाही, पण सावड फेडल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. हे मला ठाऊक होतं आणि पोरालाही.

रविवारी अध्यक्षांनी त्याच्यापुढे पेन धरलं. तो हात मागे बांधून उभा.

"न्हाई जमायचं, सायब. समद्या टीमची सावड हाये माझ्यावर. ती फेडल्याबिगर कुटं जाऊ?"

अध्यक्ष हसले. "अरे, या शहरातल्या पोरांची शेतं कुठं आहेत? फेडणार कशी?"

"त्यांचं रान म्हंजी ग्राउंड. तितंच फेडनार."

"हे बघ, क्लबचा अध्यक्ष मी आहे. जा, मी तुला मोकळं केलं."

पोरानं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अगदी हळू होता, त्यात उर्मटपणा अजिबात नव्हता.

"तुमी कसं मोकळं करनार, सायब? तुमी चिखलात कुटं उतरला व्हता?"

सगळ्यांच्या हातातली भजी हातातच राहिली. अध्यक्षांच्या शब्दापुढे कधी ब्र न काढणारे खजिनदार खो खो हसत सुटले. मग कमरेवरचा हात काढून त्यांनी तो ठरावाच्या विरोधात वर केला. एकेक करत सगळेच हात वर गेले. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं, आणि मी त्यांच्याच हॉलमध्ये दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली.